नव्या गाडीची तुकतुकी

यंदा दसऱ्याला माझ्या भाच्याने मोटार घेतली. बिबवेवाडीत, चढावरच्या एका सोसायटीत तो राहतो. पहाटेच मार्केट यार्डात जाऊन त्याने पाच किलो झेंडू आणला. त्यातला निम्मा दारांना आणि निम्मा एकट्या मोटारीला लागला. रंग गडद निळा, आणि तुकतुकी अशी की आम्हां सर्वांची तोंडे तीत दिसत होती. माझे तर आहे त्यापेक्षाही लांब दिसत होते. माझी बहीण कुंकवाचे बोट घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायला वाकली, तसा भाचा दचकून ओरडला, "आई, तिथे नको! ओरखडा पडेल." अखेर स्वस्तिक काचेवर निघाले. मेहुण्यांच्या मातोश्री मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा ओवलेली तार आणलीच होती. ती त्यांनी पुढच्या बंपरखाली घट्ट पीळ देऊन बांधून टाकली.

संध्याकाळी सोने वाटून झाल्यावर खरा वाद पेटला. बिबवेवाडीतल्याच एका दुकानदाराने मोटारीच्या सर्वांगावर पारदर्शक फिल्म चढविण्याचा खर्च सांगितला होता. आकडा लाखाच्या घरात. मेहुणे म्हणाले, "मोटार कारखान्यातून रंगवूनच येते ना? रंग कशासाठी असतो? लोखंड राखण्यासाठी. मग रंगालाही राखायचे? ही तर छत्रीवर छत्री धरण्याची तऱ्हा झाली." भाचा माझ्याकडे वळला. "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. तुम्हीच सांगा, पूर्वी लोक काय करीत?"

मेहुण्यांचा प्रश्न वरवर दिसतो तितका थट्टेचा नाही. रंग हेच एके काळी वस्तूचे कवच होते. त्या कवचालाच कवच लागावे अशी वेळ आली कशी, याचा इतिहास खरोखरच आहे; आणि गंमत अशी की त्याचे एक टोक आजींनी बांधलेल्या त्या तारेतच ओवलेले होते. त्या रात्री मी भाच्याला जे सांगितले तेच थोडे नीटनेटके करून येथे लिहीत आहे.

सुरुवात मोटारीपासून नव्हे, मारुतीपासून करावी लागते. आपल्या गावोगावच्या मारुतीला, गणपतीला, देवीला तेलात कालविलेला शेंदूर लावण्याची चाल आहे. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचे तांबडे भस्म. हाच शेंदूर जवसाच्या तेलात कालवून एकोणिसाव्या शतकात जगभर लोखंडी पुलांना आणि जहाजांना पहिला हात म्हणून देत असत. शिसे आणि तेल यांच्या संयोगाने साबणासारखे जे द्रव्य थरात तयार होते ते गंजाला पायबंद घालते. म्हणजे आपल्या पारावरचा मारुती आणि विलायतेतला एखादा रेल्वेपूल एकाच लेपाखाली उभे होते. पुढे शिशाचे विषारीपण ध्यानात आले आणि रंगाच्या धंद्यातून शेंदूर मागे पडत गेला, ते योग्यच झाले. पण लेपाचा एक स्वभाव त्या मूर्तींनी आपल्याला शिकविला आहे. लेप जपतो, तसा झाकतोही. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेंदराचे पुट उतरविण्यात आले, तेव्हा आतले घडीव, रेखीव रूप पाहून नित्याचे भक्तही चकित झाले होते. जे जपायचे ते दिसलेही पाहिजे, ही हौस मात्र अर्वाचीन आहे. भाच्याला कवच हवे, पण ते असल्याचे कोणाला कळता कामा नये!

चाकांच्या गाड्यांवर तुकतुकीत रंग आला तो रस्त्यांच्या पाठोपाठ. पेशवाईतला श्रीमंत माणूस पालखीतून किंवा घोड्यावरून हिंडे. घाटवाटांनी चाकाची गाडी जाणार कोठून? १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर मुंबई-पुण्याकडे बग्ग्या, फेटणी, टांगे यांचा सुकाळ होत गेला. बग्गीचा रंग हे मोठे तपश्चर्येचे काम होते. लाकडाला आधी अस्तर, मग लांबी, मग ती लांबी दगडाच्या पुडीने आणि पाण्याने घासून सपाट करायची, मग रंगाचे हात, आणि शेवटी जवसाचे तेल व राळ यांच्या व्हार्निशाचे हात. प्रत्येक हात वाळायला दिवस लागत. एका गाडीला आठवडेच्या आठवडे जात. इतके करूनही ते व्हार्निश उन्हाने पिवळे पडे, तडकत जाई, आणि काही काळाने गाडी पुन्हा रंगाऱ्याकडे पाठवावी लागे. घरंदाज मंडळी घोड्यांची पागा आणि बग्गीखाना यांमध्ये पक्की भिंत घालून घेत. त्याचे कारण केवळ दुर्गंधी हे नव्हते. घोड्याच्या मुतातून निघणारा अमोनिया व्हार्निशाची झळाळी मारतो, हे रंगाऱ्यांना अनुभवाने माहीत होते. गाडी ओढणारा घोडाच गाडीच्या रंगाचा वैरी होता, असा तो मामला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हार्निशाचा वरचा हात झिजण्यासाठीच दिलेला असे. तो झिजला की मालक कुरकुर करी, पण फसलो असे कोणाला वाटत नसे. रंगारी येई, वरचा मेलेला थर घासून काढी, नवा देई. साडीला आपल्या बायका फॉल लावतात ना, तसेच ते. फॉल फाटला तर साडी वाचली. नवा फॉल लावावा.

आता बिब्बा. बिबवेवाडी म्हटले की माझ्या कानाला नेहमीच बिबवा ऐकू येतो, आणि त्या दिवशी तो बंपरखाली लोंबतही होता. बिब्ब्याच्या फळाच्या टरफलात काळा, दाहक रस असतो. चुन्याच्या संगतीने तो कापडावर असा बसतो की कितीही आपटले तरी निघत नाही. म्हणून धोबी त्याने कपड्यांवर खुणा करीत. अंगाला लागला तर मात्र उततो. आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. त्याच कुळातले एक झाड चीन-जपानात आहे. त्याचा चीक लाकडावर थरावर थर चढवून तेथील कारागीर जी काळी, आरशासारखी भांडी आणि पेट्या बनवीत, त्यांनी सतराव्या-अठराव्या शतकात सगळ्या युरोपाला वेड लावले. तो चीकही बिब्ब्यासारखाच अंगावर उततो. आणि मौज म्हणजे तो उन्हात नव्हे, दमट हवेत नीट वाळतो. युरोपात ते झाड नव्हते. तेव्हा तेथल्या लोकांनी डांबरी खनिज आणि तेल यांचे काळे रोगण बनवून त्या कामाची नक्कल केली आणि तिला नाव दिले 'जपान ब्लॅक'.

आपल्याकडेही ही विद्या होती, पण वेगळ्या द्रव्याची. सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते आणि लाकडी खेळणी पाहा. त्यांवरचा चकचकीत थर लाखेचा. आपल्या 'लाक्षा' शब्दाची यात्रा फारसी आणि पोर्तुगीज यांच्या मुखांतून होत होत इंग्रजीतल्या 'लॅकर'पर्यंत पोहोचली, असे भाषापंडित सांगतात. भाच्याला मी म्हटले, "लाख रुपये देऊन तू विकत घेणार आहेस ती लाखच!" तो हसला नाही.

त्या जपान ब्लॅकची गाठ पुढे मोटारीशी पडली. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून घेतलेल्या बग्ग्याच होत्या. त्या रंगवीतही बग्गीचेच कारागीर, ब्रशाने, आठवडेच्या आठवडे. १९१३ साली हेन्री फोर्डने सरकत्या साखळीवर मोटारी जोडायला सुरुवात केली. मोटार तासांत जुळू लागली, आणि रंग मात्र आठवडे घेणार? १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची 'टी' मोटार जवळजवळ एकाच काळ्या रंगात बाहेर पडली, आणि तो काळा रंग म्हणजे भट्टीत भाजलेले जपान ब्लॅकच्या जातीचे रोगण. पूर्वेकडच्या झाडाच्या चिकाची पश्चिमेने केलेली नक्कल अशा रीतीने जगातल्या सामान्य माणसाच्या पहिल्या मोटारीच्या अंगावर चढली. झाडाच्या कुळाचाच हिशेब करायचा, तर आमच्या आजींचा बिब्बा आणि फोर्डचा काळा रंग यांचे दूरचे नाते लागते. जवळचेही नाते आहे. काजूच्या टरफलातले दाहक तेल आज रंगांच्या रसायनात वापरतात, आणि त्यापासून केलेली भुकटी मोटारीच्या ब्रेकच्या अस्तरात घालतात. आजींचा बिब्बा बाहेर लोंबतो आणि त्याचा चुलतभाऊ आत ब्रेक लावतो!

काळ्याची सद्दी संपविली ती एका स्फोटक पदार्थाने. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. त्यातूनच बंदुकीची धूर न करणारी दारू, त्यातूनच जुनी सिनेमाची फिल्म. पहिले महायुद्ध संपले आणि अमेरिकेतल्या ड्यू पाँ या दारूगोळ्याच्या मातबर कंपनीने त्याच द्रव्यापासून फवाऱ्याने मारण्याजोगे, भराभर वाळणारे रोगण काढले. त्याचे नाव ड्यूको. १९२३ साली जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड मोटारींना ते निळ्या रंगात दिले आणि कित्येक आठवड्यांचे काम तासांवर आले. तेव्हापासून मोटारींना रंगांची इंद्रधनुष्ये फुटली. ते नाव आपल्याकडे इतके रुळले की कंपनी कोणती, देश कोणता याचा कोणालाही पत्ता नसताना आजही गॅरेजवाला "ड्यूको मारून देतो" म्हणतो, आणि सुतार कपाटालाही ड्यूको मारतो. याच द्रव्याचे दुसरे रूप पुणेकरांनी पाहिले ते जानेवारी २००३ मध्ये. येथील फिल्म संस्थेच्या आवारात आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा भस्मसात झाला. किती बोलपटांची अखेरची खूण त्यात गेली! पांडवांचे लाक्षागृह आठवावे अशीच ती घटना. असो.

ड्यूकोचा एक गुण जुन्या रंगाऱ्यांना फार प्रिय होता. त्याचा नवा हात जुन्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होई. खरचटले, घासा; पुन्हा मारा; चोळा; चमकवा. थरही जाड देत. दर दिवाळीला पॉलिश करून तो थोडा थोडा झिजविला तरी वर्षानुवर्षे पुरे. फॉलची पद्धत अजून चालू होती, एवढाच याचा अर्थ.

आपल्या देशात तर ती चालू ठेवल्यावाचून गत्यंतरच नव्हते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. तिच्या एका रूपाला लोकांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले. मोटारीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षे मोजायची, असा तो काळ. मुलीच्या जन्मानंतर नोंदविलेली मोटार तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मिळाली तरी नशीब म्हणायचे. अशी मिळालेली वस्तू माणूस टाकून देत नाही, रंगवतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर तर थरावर थर चढत गेले. त्या मॉडेलची शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली.

आमच्या घरीही १९६८ साली एक जुनी मोटार आली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. दोष तिचा नव्हता. वडील शिक्षक. ती मोटार त्यांनी किती काटकसरीने घेतली हे आम्हां भावंडांना चपलांच्या संख्येवरून ठाऊक होते. वाड्याच्या अंगणात ती उभी असे आणि तिच्यावर असे तंबूच्या जाड कापडाचे झाकण, जे आईने आणि वडिलांनी दोन रात्री बसून दाभणाने शिवले होते. पावसाळ्यात मोटार बाहेर काढायची नाही, असा दंडक होता. चार महिने ती त्या झाकणाखाली राही. वडील रोज संध्याकाळी झाकण एका कोपऱ्यात उचलून पाहत आणि समाधानाने पुन्हा खाली सोडत. चौथ्या पावसाळ्यानंतर नवरात्रात झाकण काढले तेव्हा दारांच्या खालच्या कडांना रंगाला मिरीएवढे फोड आलेले होते. वडिलांनी एका फोडावर नख लावले. पापुद्रा निघाला आणि खाली तांबडी भुकटी. ओले जाड कापड रंगाला चिकटून बसले होते. ओलावा कोंडला होता, आणि वाऱ्याने हलणाऱ्या कापडाखालच्या धुळीने छतावर गोल गोल चरे पाडले होते. मोटार पावसात हिंडली असती आणि वाऱ्यावर वाळली असती तर इतके झाले नसते.

नाना पेठेतल्या एका वृद्ध रंगाऱ्याने ती दुरुस्त केली. त्याने लोखंड घासून उघडे केले, लांबी भरली, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तासन्‌तास फिरविला. काम चालू असताना वडील स्टुलावर बसून पाहत. शेवटी तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, तिला जरा वारा लागू द्या." वडिलांनी त्यानंतर झाकण घातले नाही. पण रोज एकदा त्या दाराच्या कडेवरून बोट फिरविण्याची सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली.

आता आजच्या मोटारीकडे येतो, आणि मेहुण्यांच्या प्रश्नाकडेही. आजचा रंग जुन्यापेक्षा वाईट आहे काय? मुळीच नाही. गंजाच्या बाबतीत तर तो कितीतरी पटींनी चांगला. गणपती हौदात बुडवावा तसा मोटारीचा संबंध सांगाडा आता रंगाच्या हौदात बुडवितात, आणि त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंग कानाकोपऱ्यांत, सांध्यांत, जेथे रंगाऱ्याचा ब्रश कधी पोहोचला नसता तेथे जाऊन बसतो. १९६० नंतरच्या दशकात ही रीत सुरू झाली आणि पुढच्या दशकात अधिक सुधारली. त्यावर अस्तराचा थर, त्यावर रंगाचा, आणि सगळ्यांत वर पारदर्शक रोगणाचा. हा पारदर्शक थर १९८० नंतर सर्रास आला. तुकतुकी दिसते ती त्याची, निळेपणा खालच्याचा.

पण जाडी पाहा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हौदातला थर सुमारे २०, अस्तर सुमारे ३५, रंग सुमारे १५, वरचे पारदर्शक रोगण सुमारे ४०. सगळे मिळून ११०-१२० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे भाच्याच्या मोटारीचा सगळा निळेपणा एका केसाच्या पाचव्या हिश्शात मावला! यंत्राने नेमके मोजून, सर्वत्र सारखा दिलेला हा थर आहे. त्यात झिजण्यासाठी राखून ठेवलेले असे फारसे काही नाही. पॉलिशवाला प्रत्येक खेपेस वरच्या रोगणातून थोडे खरवडून नेतो. जुना ड्यूको हा छळ सोसून घेई. चाळीस मायक्रॉन किती वेळा सोसतील? शिवाय आजचे रोगण नव्या हाताशी एकजीव होत नाही. डाग पडला तर अख्खे बॉनेट रंगवावे लागते, आणि ते शेजारच्या मडगार्डाशी जुळेलच असे नाही. जो फॉल पूर्वी रंगातच शिवलेला होता तो काटकसरीत आणि सफाईत गळून पडला. तो आता वेगळा विकत घ्यावा लागतो. मेहुण्यांना मी म्हटले, "दाजी, छत्रीवर छत्री नव्हे, छत्रीचे कापड पातळ झाले आहे."

आणि वैरीही बदलला आहे. घोड्याचा अमोनिया गेला, खडी आली. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फोडलेल्या खडीचे रस्ते रूढ केले. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली ती खडी दबून घट्ट होई. मोटारीचा रबरी टायर मात्र ती उखडून मागे फेकतो, म्हणून पुढे डांबर आले. तरी आमचा दख्खनचा काळा पाषाण पावसाळ्यात डांबराखालून डोके वर काढतोच. गंगाधाम चौकाकडून कोंढव्याकडे जाणाऱ्या चढावर किंवा कात्रजच्या बाजूला खडीचा ट्रक पुढे असला की याचा प्रत्यय येतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा गोफणीतून सुटावा तसा सुटतो. तुमची मोटार ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २२ मीटरने, त्याच्यावर चाल करून जात असते. ज्वारीच्या मळ्यात माचाणावरून राखणदार पाखरांवर गोफण फिरवी. येथे पाखरू स्वतःच दगडावर झेप घेते. घाव बसतो तो बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि बंपरवर. मोहरीएवढा टवका. आत अस्तर दिसते. कधी लोखंडच दिसते, आणि मग गंज रंगाच्या पोटात बोगदा खणू लागतो.

दुकानदार विकतो ती फिल्म या घावासाठीच जन्मली. व्हिएतनामच्या युद्धात वाळूच्या माऱ्याने हेलिकॉप्टरची पाती झिजत; त्यांवर चिकटविण्यासाठी अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीने चिवट पॉलियुरेथेनची पट्टी केली. पुढे ती शर्यतीच्या मोटारींच्या नाकावर आली आणि मग आपल्या. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे खालच्या सगळ्या रंगाहून जाड! ती दगडाला अडवीत नाही. दबते, घाव पसरविते आणि पूर्ववत होते. सुरुवातीच्या फिल्मा उन्हाने पिवळ्या पडत. आताच्यांवर एक असा लेप असतो की बारीक चरे उन्हात तापून आपोआप मिटतात. साबणाच्या पाण्यावर तरंगवीत ती चढविताना मी त्या दुकानात पाहिली. कारागीर पोरगेलासा होता, पण बोटांत नाना पेठेतल्या त्या म्हाताऱ्याचीच सावधगिरी. जून महिन्यात वह्यांना खाकी कव्हरे घालताना कोपरा जसा दुमडतात तसा तो फिल्मेचा कोपरा बॉनेटच्या कडेखाली वळवीत होता.

त्याच दुकानात 'सिरॅमिक' नावाचा दुसरा लेप मिळतो आणि त्याची ऐट मोठी. कठिणता '९ एच' असे फलकावर लिहिलेले असते. गिऱ्हाइकाला हिऱ्याची आठवण व्हावी, अशीच ती योजना. वास्तविक हे माप पेन्सिलीचे आहे. ९ एच म्हणजे सर्वांत कठीण शिसपेन्सिलीने चरा पडला नाही, एवढेच. हा लेप एखाद-दोन मायक्रॉनांचा. पाणी त्यावर अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळते, धूळ कमी बसते, धुणे सोपे होते. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून निघणारे कार्नोबा मेण पूर्वी जे काही आठवडे करी तेच हा अधिक काळ करतो. खडीपुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही. दुकानदाराने हे विचारल्यावर प्रामाणिकपणे मान्य केले. विचारल्यावर.

मोटारीच्या तुकतुकीचा सर्वांत मोठा शत्रू मला विचाराल तर तो खडाही नव्हे. तो पहाटे बादली आणि फडके घेऊन येतो. धूळ म्हणजे दळलेला दगड. एकाच ओल्या फडक्याने पंधरा मोटारी पुसल्या की सहाणेवर चंदन उगाळावे तसा रंग उगाळला जातो. यात त्या गरीब माणसाचा दोष नाही; महिन्याला जे मोजून आपण त्याला देतो त्यात दोन बादल्या पाणी आणि पंधरा स्वच्छ फडकी बसत नाहीत. भाच्याने दुसऱ्याच दिवशी त्याला मऊ फडकी आणून दिली आणि आधी पाणी ओतायला सांगितले. त्यालाही बरे वाटले असावे.

निर्णय शेवटी माझ्या बहिणीने दिला. ती म्हणाली, "साडीला फॉल लावतात तो खालच्या काठाला. अख्ख्या साडीला कोण लावते? दगड लागतो तेवढ्याच भागाला लाव." म्हणून पुढचा बंपर, बॉनेट आणि आरशांच्या पाठी एवढ्यांवर फिल्म चढवायची ठरले. खर्च पाव हिश्शावर आला. मेहुण्यांनीही मान डोलावली; हिशेब पटला की त्यांना तत्त्वज्ञान पटते.

फिल्म लावायला मोटार नेली तेव्हा कारागिराने दिव्याखाली बंपर तपासला आणि खाली बोट दाखविले. नव्या कोऱ्या रंगावर, अगदी तळाशी, अर्धचंद्राकार ओरखड्यांची जाळी उमटलेली होती. दहा दिवस लोंबून, झुलून, आजींच्या तारेच्या टोकाने ती कोरली होती. भाचा काही क्षण नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, कामात बिब्बा घालणे म्हणतात ते हेच ना?"

कारागिराने डाग घासून काढला आणि वरून फिल्म चढविली. घरी आजींना कोणी काही सांगितले नाही; पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली उतरल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या, तार सोडविली आणि नवे लिंबू, मिरच्या व तोच बिब्बा सुती दोऱ्यात ओवून पुन्हा बांधला.

"धातूला धातू लागू नये," त्या म्हणाल्या, आणि दोऱ्याचे उरलेले टोक दातांनी तोडले.